आइसलँडमधील मुले आणि संध्याकाळचे तास

१९९८ साली आइसलँडमधील १५-१६ वर्षांच्या मुलामुलींना एक प्रश्न विचारला गेला : गेल्या महिन्याभरात तुम्ही दारू पिऊन झिंगला होता का? शेकडा ४२ जणांनी 'हो' म्हटले. रोज सिगारेट ओढणारे शेकडा २३ निघाले. शाळांतून व्यसनांवर व्याख्याने होतच होती. आपल्याकडे २६ जूनला होतात तशीच. उपयोग दिसत नव्हता.

या देशात १९९२ पासून शाळाशाळांतून मुलांकडून निनावी प्रश्नावल्या भरून घेतल्या जात. त्यांत नशेबरोबर घराविषयीही विचारलेले असे. आईवडिलांबरोबर किती वेळ असता? संध्याकाळी कुठे असता, हे त्यांना ठाऊक असते का? इंगा डोरा सिगफुसडोटिर आदी समाजशास्त्रज्ञांनी उत्तरे ताडून पाहिली. घरच्यांबरोबर बराच वेळ असणारी, नियमित खेळणारी, शाळेत आपुलकी मिळालेली आणि रात्री बाहेर न भटकणारी मुले व्यसनापासून दूर राहिलेली दिसली.

यातली घरची बाब गंमतीची आहे. महिन्यातून एकदा सहल काढून मुलांशी 'मोकळेपणाने बोलणे' पुरेसे ठरेना. रोज संध्याकाळी एका छपराखाली असणे, मग प्रत्येकजण आपापले काम का करीना, हे अधिक मोलाचे! म्हणून पालकांनी शाळेत एकत्र येऊन लेखी करार केले : आपल्या घरी मोठ्यांविना पार्टी होऊ देणार नाही, शेजाऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवू. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री १० नंतर आणि उन्हाळ्यात १२ नंतर एकटे बाहेर राहायचे नाही, हा नियम कसोशीने पाळला जाऊ लागला. (तिकडे जूनमध्ये मध्यरात्रीही उजेड असतो, हे मुलांना भूगोलाच्या तासाला जरूर सांगा.) खेळ-संगीताच्या वर्गांसाठी रेक्याविक शहराने घरटी नव्हे, तर दर मुलामागे अनुदान दिले.

आईवडिलांबरोबर नेहमी वेळ घालवणाऱ्यांचे प्रमाण १९९७ ते २०१२ या काळात शेकडा २३ वरून ४६ झाले. २०१६ पर्यंत झिंगणारे शेकडा ५ आणि रोज सिगारेट ओढणारे शेकडा ३ उरले.

प्रयोगशाळेत वावरणाऱ्या मला इथे एक शंका येते. २००० नंतर युरोपातील इतर अनेक देशांतही किशोरांचे मद्यपान घटले. शिवाय, व्यसनी मूल आपणहूनच घर टाळत असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? तुलनेसाठी दुसरे आइसलँड नाही. तरीही इतकी मोठी घसरण फार थोड्या देशांत झाली. प्रश्नावल्या मात्र थांबल्या नाहीत. पुढे त्यांत ई-सिगारेटचा प्रश्न घालावा लागला.