लाखोळीला काय लागतं?

घरी शेंगा कशा लावायच्या हे शोधलं की लांबलचक यादी मिळते: अमुक तास ऊन, भुसभुशीत माती, खत, आधाराला काठी. लाखोळीला यातलं फारसं काही लागत नाही. नागपुरात दिवाळीनंतर मी गॅलरीतल्या कुंडीत ती पेरतो. मातीत ओल आणि थंडीचं ऊन असलं की भागतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पुरवतात. निळी फुलं येतात, मग छोट्या चपट्या शेंगा.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात या पद्धतीला उतेरा म्हणतात. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकायची. धान कापलं की उरलेल्या ओलीवर ती वाढते. नांगरणी नाही, पाणी देणं नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचं वरण आणि वडे.

पण कशातही तगणारं पीक दुष्काळात एकटंच उरतं, आणि तिथेच घोळ होतो. इंग्रज अधिकारी स्लीमन याने सागर भागातली हकिकत लिहून ठेवली आहे. 1829 मध्ये गारपिटीने गहू गेला, 1830 मध्ये पाऊस कमी झाला, 1831 मध्ये रोग पडला. लाखोळी मात्र तिन्ही वर्षं जोमात आली. लोकांनी तीच खाल्ली. 1833 मध्ये तिशीच्या आतल्या माणसांचे कमरेखाली पाय लुळे पडू लागले. पुढे रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची, आणि तिथेही पाय गेले.

1961 मध्ये केंद्राच्या अन्नभेसळ नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. तूरडाळीत आणि बेसनात तिची भेसळ होते, हीही तक्रार होती. गंमत म्हणजे दाण्यातलं नेमकं विषारी द्रव्य, ओडॅप, ओळखलं गेलं 1964 मध्ये, म्हणजे बंदीनंतर. ते पाण्यात विरघळतं. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकलं की बरंचसं निघून जातं. धोका असतो तो दोन-तीन महिने पोटाला मुख्यतः हीच डाळ असली तर. शिवाय पाण्याचा ताण पडला की झाड हे द्रव्य जास्त बनवतं. म्हणजे दाणा सर्वांत विषारी तेव्हाच, जेव्हा ताटात दुसरं काही नसतं.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. त्यांचा मुद्दा असा, की धानपट्ट्यातला गरीब शेतकरी जे पिकवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या खातो, तेच विकलं तर गुन्हा कसा? पुढे महाराष्ट्राने राज्यातली बंदी उठवली. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण आले.

विष खरं आहे, त्यामुळे जपून खायला हवं. पण नियमाने फक्त बियाण्याकडे बोट दाखवलं. स्लीमनच्या हकिकतीत लाखोळीच्या आधी गारपीट येते, तुटका पाऊस येतो, गेलेला गहू येतो. रीवाच्या हकिकतीत मजुरी येते. पाय वाचवायला त्या माणसांना लागत होतं ते थोडंसं दुसरं धान्य. त्याची सोय कोणी केली, हा प्रश्न डाळीवर बंदी घालून सुटत नाही.