मोटारीच्या रंगाचे थर

मोटारीवरचा कारखान्याचा रंग किती टिकेल हे डोळ्यांना दिसणाऱ्या छटेवर फारसे ठरत नाही. तिच्या खालच्या आणि वरच्या थरांवर ते ठरते. गंज अडवणे, रंग दाखवणे आणि ऊन सोसणे ही कामे वेगवेगळ्या थरांकडे गेली, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. जवसाच्या तेलातला रंग आणि व्हार्निश यांचे हातावर हात, मध्ये वाळवणे, घासणे. यात कित्येक आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, कारण तिचा डांबरवर्गीय काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. १९२३ मध्ये ड्यू पाँटचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि जनरल मोटर्सच्या ऑकलंड गाड्या निळ्या रंगात निघू लागल्या. हे लॅकर काही तासांत वाळे, पण उन्हाने त्याची तकाकी जाई आणि मालकाला सतत पॉलिश करावे लागे. पुढे भट्टीत भाजायचे अल्किड इनॅमल आणि नंतर अॅक्रिलिक रंग आले. तकाकी वाढली, तरी दारांच्या पोकळीत आणि सांध्यांत पत्रा आतून कुजतच राहिला. तिथे रंगाचा फवारा पोहोचतच नव्हता.

त्यावर उपाय फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांच्या चमूने शोधला. सगळा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडला की रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. थर बसलेल्या जागी प्रवाह अडतो, म्हणून कण उघड्या कोपऱ्यांकडे वळतात. सुरुवातीला सांगाडा धन अग्र असे आणि त्यामुळे थोडे लोखंड विरघळून रंगात मिसळे. १९७६ च्या सुमारास पीपीजी कंपनीने सांगाड्याला ऋण अग्र करणारी पद्धत मोटारींसाठी आणली. गंजाविरुद्धच्या लढाईतला हा सर्वांत मोठा विजय म्हणावा लागेल.

मात्र असा बसवलेला थर एपॉक्सीचा असतो आणि त्याला अतिनील किरण सोसत नाहीत. ते अडवण्याचे काम वरच्या प्रायमरचे. १९८० च्या दशकात काही अमेरिकी कारखान्यांनी खर्च वाचवण्यासाठी प्रायमर वगळून रंग थेट एपॉक्सीवर मारला. ऊन पातळ रंगातून आरपार गेले, एपॉक्सीची भुकटी झाली आणि काही वर्षांतच छतावरून, बॉनेटवरून रंगाचे पापुद्रे सुटू लागले. वरच्या रंगात दोष नव्हता. वगळलेल्या थराचे काम कोणाकडेच सोपवले नव्हते.

याच सुमारास बेसकोटवर, म्हणजे रंग दाखवणाऱ्या थरावर, पारदर्शक क्लिअरकोट देण्याची पद्धत रूढ झाली आणि ऊन सोसणारी रसायने त्यात घातली गेली. पण क्लिअरकोटमधले मेलामाइनचे बंध आम्लाने तुटतात. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलमध्ये दवात मिसळणाऱ्या आम्लामुळे रंगावर डाग पडत. ते शहर पुढे क्लिअरकोट तपासण्याचे ठिकाण झाले. त्यातून आम्लाला टिकणारे नवे क्लिअरकोट आले. द्रावकांच्या वाफा कमी करण्यासाठी बेसकोटही पाण्यावर आधारित झाला.

हे बदल भारतातही आले. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये ‘गहागन पेंट्स’ म्हणून सुरू झालेली कंपनी १९८० च्या दशकात जपानच्या कन्साई पेंटशी जोडली गेली. आजची कन्साई नेरोलॅक ती हीच. जपानी सहकार्यानेच मारुतीची पहिली गाडी १९८३ मध्ये बाहेर पडली. या सहकार्याबरोबर इथल्या कारखान्यांतल्या रंगकामाचे रूपही बदलले.

अलीकडे ऊर्जा वाचवण्यासाठी अनेक कारखाने प्रायमर वेगळा भाजत नाहीत, काही तर तो देतच नाहीत. पण आता त्याचे काम बेसकोटच्या पहिल्या हातावर सोपवलेले असते, म्हणून नवा रंग पातळ आहे एवढ्यावरून त्याला हलका ठरवणे चूक आहे. एकूण जाडी सुमारे १०० ते १४० मायक्रॉन असते, त्यात क्लिअरकोट ४० ते ५०. वारंवार कंपाउंडने घासल्यास हाच थर झिजतो. पत्रा उघडा पडला, तर गॅरेजमध्ये प्रायमर आणि रंग पुन्हा देता येतात. विजेच्या टाकीतला आणि १६० अंशांच्या वर भाजलेला कारखान्याचा पहिला थर मात्र तयार गाडीवर पुन्हा चढवता येत नाही.