भूकंपातून वाचलेल्यांचं पुढे काय? कोयनानगर ते फलटण

कोयनानगर म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात, धरण आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. पण दोन हजारांहून जास्त लोक जखमी झाले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

हाड जुळलं, डिस्चार्ज मिळाला, माणूस घरी आला. पण हात पूर्वीसारखा वळला नाही तर? भाकरी कशी थापायची, शर्टाची बटणं कशी लावायची?

नेमक्या याच प्रश्नावर मुंबईत काम सुरू करणाऱ्या बाई म्हणजे कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. १९५० साली त्यांनी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, आशियातली पहिली. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. पण इथं व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे बरं का! जेवणं, लिहिणं, अंघोळ, खेळ, म्हणजे रोजचं सगळं जगणं. पकड कमजोर असेल तर नुसता व्यायाम देऊन थांबायचं नाही, चमच्याची मूठही जाड करायची. माणसाला बदलता येतं तेवढं बदला, उरलेलं वस्तूला बदलू द्या. १९५२ मध्ये या विषयाची जागतिक संघटना झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांमध्ये भारत होता.

निंबकर कुटुंब पुढे आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला स्थिरावलं. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली तिथं सुरू केलेली शाळा कमलाबाईंच्या नावानं आहे, कमला निंबकर बालभवन.

आता जरा दक्षिणेला, कोल्हापूरला जाऊ. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात पक्षाघात झाला आणि व्हीलचेअर आली. १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. इथं मोठा फरक पडला, कारण अपंग व्यक्ती आता फक्त पेशंट राहिली नव्हती, ती संस्था चालवत होती.

कायदा मात्र उशिरा आला. पहिला १९९५ चा, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, हा आता हक्क आहे. उपकार नाही.

तरीही आपल्या डोंगरी भागात शाळेच्या दारात पाच पायऱ्या असतील, तर तो हक्क पहिल्या पायरीलाच अडतो. चमच्याची मूठ जाड करता येते, तसा पायरीशेजारी रॅम्पही बांधता येतो.

तर मंडळी, उद्या गावच्या शाळेवरून जाताना एवढंच बघा: व्हीलचेअरवरचं पोर एकटं आत जाऊ शकेल का? नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय काढा. भेटू पुढच्या भागात!