पूर्वसंशोधनाचा आढावा आणि श्रवणबेळगोळचा कोरीव लेख

प्रबंधातील दुसरे प्रकरण बहुधा पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे असते, आणि बहुधा तेच सर्वांत निर्जीव असते. ‘अमुक यांनी असे प्रतिपादिले आहे, तमुक यांचे मत असे आहे’ अशा वाक्यांची माळ ओवून झाली, की संशोधक आपल्या ‘खऱ्या’ विषयाकडे वळतो. पूर्वसूरींना वंदन करून मोकळे होण्याची ही रीत आपल्या मंगलाचरणाच्या परंपरेला धरून असली, तरी संशोधनाला ती घातक आहे. ती कशी, हे मराठी भाषेच्या इतिहासातील एका परिचित उदाहरणावरून दाखविण्याचा येथे विचार आहे.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या सुमारे ५७ फूट उंचीच्या मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतील छोटे लेख आहेत. मराठी लेख नागरी लिपीत असून तो अवघा दोन ओळींचा आहे. पहिल्या ओळीत चावुंडराजाने मूर्ती करविल्याचा, तर दुसरीत गंगराजाने ‘सुत्ताले’, म्हणजे मूर्तीभोवतालचे आवार, करविल्याचा निर्देश आहे. चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री. त्याने मूर्ती उभारली ती दहाव्या शतकाच्या अखेरीस. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याचे बांधकाम बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. दोहोंत सुमारे १३० वर्षांचे अंतर आहे, आणि लेखात शक दिलेला नाही.

या स्थळीचे लेख राइस यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले व नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. मराठीच्या अभ्यासकांत मात्र मूर्तीचा काळ तोच पहिल्या ओळीचा काळ, असे गृहीत धरले गेले. आणि ‘शके ९०५, इ. स. ९८३, मराठीतील आद्य शिलालेख’ हे समीकरण रूढ झाले. वस्तुतः एखादी वास्तू कोणी करविली हे सांगणारा लेख त्या वास्तूइतकाच जुना असला पाहिजे, असे मुळीच नाही. दोन्ही ओळींचे अक्षरवळण व भाषा सारखीच असल्याने त्या गंगराजाच्या काळी एकदमच कोरल्या असाव्यात, असे मत पुढे आले. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहात आद्यत्वाचा मान अक्षी येथील शके ९३४च्या, म्हणजे इ. स. १०१२च्या, लेखास दिला. सोलापूर जिल्ह्यातील कुडल येथील शके ९४०चा लेखही आता या चर्चेत विचारात घ्यावा लागतो. असे असूनही ९८३ हा आकडा पाठ्यपुस्तकांतून हललेला नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत हा आकडा निःशंकपणे उतरून घेतला होता, आणि टाचणावर ‘सर्वमान्य’ असा शेराही मारला होता. आठ ग्रंथांत तो एकसारखा आढळला, एवढाच त्या निःशंकतेला आधार. पुढे त्या आठांची छाननी करता असे दिसले, की त्यांपैकी एकानेही ठशाची चर्चा केलेली नाही. प्रत्येकाने आपल्या आधीच्याचा हवाला दिला आहे, काहींनी तोही दिलेला नाही. म्हणजे साक्षीदार आठ नव्हते, एकच होता.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुखटणकरांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पोथ्यांची संख्या निर्णायक मानली नाही. कोणती पोथी कोणत्या परंपरेतून आली, हे आधी ठरविले. एकाच पोथीच्या पन्नास नकला म्हणजे एकच साक्ष. हाच न्याय मतांना लावणे, म्हणजे प्रत्येक मताची वंशावळ काढणे, हे माझ्या मते आढाव्याचे मुख्य काम होय. ते न केल्यास हानी कोणती? ‘करवियलें’ या रूपात प्रयोजक धातू आणि ‘ल’कारान्त भूतकृदन्त अशी दोन लक्षणे एकत्र आली आहेत. हे रूप ९८३चे मानले, तर ती लक्षणे दहाव्या शतकात स्थिरावली होती असे म्हणता येते. ते गंगराजाच्या काळचे ठरले, तर हा पुरावा शतकाहून अधिक अलीकडे सरकतो व त्यावर उभारलेला कालानुक्रम कोसळतो. दुसरे प्रकरण ढिले राहिले, की पाचव्याचा पाया खचतो तो असा.

योजनेविषयी थोडेसे. प्रत्येक मतासाठी स्वतंत्र टाचण करावे आणि त्यावर लेखक व वर्ष यांखेरीज दोन गोष्टी न चुकता नोंदवाव्यात: लेखकाने मूळ साधन स्वतः पाहिले होते काय, आणि नसल्यास त्याने कोणाचा हवाला दिला. टाचणे वर्णानुक्रमे लावू नयेत, कालानुक्रमे लावावीत. वंशावळ आपोआप दिसू लागते. १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांसाठी दाते यांच्या ग्रंथसूचीचे दोन खंड अद्यापि अनिवार्य आहेत. नियतकालिकांकडे, विशेषतः भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाकडे, विद्यार्थी फारसे वळत नाहीत. पण दुरुस्त्या आणि खंडने पुष्कळदा तेथेच प्रथम छापली जातात. ‘शोधगंगे’वर प्रबंध घरबसल्या मिळतात ही सोय मोठी आहे, परंतु नकलांच्या नकला तेथे सर्वांत वेगाने वाढतात, हेही अनुभवाचे आहे.

भाषांतराच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीविषयीचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये निघाला; वा. गो. परांजपे यांचे मराठी भाषांतर १९४१ मध्ये, आणि इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये. ‘ब्लॉक (१९७०)’ अशी नोंद करणारा विद्यार्थी नकळत ब्लॉकना तुळपुळ्यांच्या नंतर बसवितो, आणि १९६३चा संग्रह हाताशी असूनही त्यांनी तो उपयोगात आणला नाही, असा आरोप त्यांच्यावर करून बसतो.

किती ग्रंथ पाहावेत, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. संख्या सांगता येत नाही. नवा ग्रंथ उघडल्यावर त्यातील हवाले जुन्याच टाचणांकडे परत नेऊ लागले, आणि त्या टाचणांच्या मुळाशी असलेला ठसा किंवा पोथी आपण स्वतः पाहिली असली, म्हणजे थांबावयास हरकत नाही.