माजघरातला अंधार आणि मानमोडीची साथ



परवा स्वाध्याय संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता व्हिटॅमिन डीचा विषय निघाला. तिघींचे रिपोर्ट कमी आले होते, एकीचा तर ९. "म्हणूनच मला सारखा सर्दी-खोकला होतो," ती म्हणाली. दुसरी म्हणाली, "आपल्या आज्यांना कुठे होतं असलं काही?"

होतं. फक्त त्याचा रिपोर्ट निघत नव्हता.

माझं आजोळ नाशिकचं. आजी तिच्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट सांगायची. खात्यापित्या घरातल्या, दुधातुपाची कमतरता नाही, पण पाय धनुष्यासारखे वाकलेले. "लहानपणी मुडदूस झाला होता," एवढंच आजी म्हणायची. वाड्याचं माजघर इतकं अंधारं की दुपारीही दिवा लागायचा. बाळंतीण आणि बाळ त्याच्याही आतल्या खोलीत. घरच्या बायकांनी उन्हात दिसणं खानदानी समजलं जात नसे.

पुढे वाचताना कळलं की याच नाशिकच्या मुडदुसावर १९२१ साली ग्लासगोच्या एका वैद्यकीय मासिकात लेख आला होता. लिहिणारे डॉक्टर होते एच. एस. हचिसन आणि पी. टी. पटेल. पुढच्या वर्षी हचिसन आणि एस. जे. शाह यांनी तोच अभ्यास वाढवून मांडला. तेव्हा युरोपात वाद चालू होता की मुडदूस कशाने होतो, आहारातल्या एखाद्या घटकाच्या अभावाने की उजेडाच्या? नाशिकात त्यांना जे दिसलं ते आहाराच्या बाजूने नव्हतं. सधन मुसलमान आणि वरच्या जातीच्या हिंदू घरांत, जिथे पडदा होता आणि तान्ही बाळं महिनोन्महिने आत ठेवली जात, तिथे मुडदूस भरपूर. वयात येणाऱ्या मुलींची हाडंही मऊ पडलेली. उलट, ज्या गरीब बायका पोराला सोबत घेऊन उन्हात कामाला जात, त्यांच्या ताटात दूध-तूप जवळजवळ नसूनही त्यांच्या मुलांना हा आजार नव्हता. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी या आजारावर चालणाऱ्या, माशाच्या तेलातल्या घटकाला 'डी' हे अक्षर दिलं. ऊन लागलं की तोच घटक आपली त्वचाही बनवते, हे हळूहळू स्पष्ट होत गेलं.

म्हणजे हाडांचा प्रश्न सुटला. पण आपल्या मैत्रिणीच्या सर्दी-खोकल्याचं काय?

त्यासाठी तीनच वर्षं मागे, मुंबईत जाऊ या. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उसळला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. नुसत्या उन्हानेच साथीपासून बचाव होत असता, तर उन्हात राबणारे सर्वांत जास्त वाचायला हवे होते. घडलं नेमकं उलट. शहराच्या नोंदींत 'खालच्या जाती' म्हणून ज्यांना मोजलं, त्यांच्यात दर हजारी ६१.६ मृत्यू झाले. इतर हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, पारशांत ९, युरोपियनांत ८.३. ज्यांच्या पोरांना नाशिकात मुडदूस नव्हता, त्यांच्यासारखेच लोक इथे सर्वांत जास्त मेले. एका खोलीत आठ-दहा माणसं, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, आजाऱ्याजवळ बसायला कोणी नाही. देशभरात त्या साथीत बायकाही जास्त गेल्या. उपाशी राहून घरच्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्याच होत्या.

यावरून व्हिटॅमिन डी निरुपयोगी ठरत नाही. शरीराच्या संरक्षक पेशी ते वापरतात, हे आता माहीत आहे. २०१७ मध्ये २५ चाचण्या, सुमारे ११,००० माणसं एकत्र मोजली, तेव्हा श्वसनाच्या संसर्गात थोडा फायदा दिसला. ज्यांची पातळी १०च्या खाली होती त्यांना अधिक, आणि तोही रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतल्यावर. पण २०२५ मध्ये ४६ चाचण्या आणि ६४,००० माणसं एकत्र केली, तेव्हा हा फायदा इतका बारीक झाला की आहे असं खात्रीने म्हणता येईना.

हे मी एवढं खोदून वाचलं, कारण माझी एक चूक मला छळते. २०२१ मध्ये मी सासूबाईंना दर आठवड्याला पावडरची पुडी देत होते. डॉक्टरांनी ती हाडांसाठी लिहून दिलेली. मीच म्हटलं, "आई, आता काळजी नाही, कोरोना जवळ येणार नाही." त्या निर्धास्त होऊन घाटकोपरला साखरपुड्याला गेल्या, मास्क पर्समध्ये. तीन आठवडे अंथरुणावर होत्या. वाचल्या, पण त्यांचा तो खोकला अजून माझ्या कानात आहे.

आता आपल्या घरचे प्रश्न. माशाच्या तेलाचा प्रश्नच नाही, आणि कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून आपण टाळतो. पावडरमधलं डी३ सहसा मेंढीच्या कातरलेल्या लोकरीच्या मेणातून बनतं. ते चालेल की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी३ही मिळतं, केमिस्टला विचारून पाहा. डी घातलेल्या दुधाच्या पिशवीवर '+एफ' अशी खूण असते. आणि आठवड्याची पुडी रोज घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

ऊन फुकट आहे, पण सकाळी सातला मंदिरात जाताना लागणारं कोवळं ऊन या कामी फारसं येत नाही. दहा-साडेदहानंतरचं हवं, हातापायांवर थेट. बाल्कनीला काच लावून घेतली असेल तर काचेतून येणारं ऊन उबेपुरतंच. आपण चौविहार सूर्य पाहून करतो, पण बोरिवली-मुलुंडच्या टॉवरमध्ये त्याच सूर्याला अंगावर घ्यायला विसरतो. आजीच्या जाऊबाईंच्या माजघराला निदान काच नव्हती.

तेव्हा डी वाढवा, हाडांसाठी. खोकल्याच्या साथीत मात्र खिडक्या उघडा, मास्क लावा, आजारी असाल तर साखरपुडा चुकवा, आणि घरच्यांचं करता करता स्वतः उपाशी राहू नका.

जय जिनेंद्र.