पणजीची पुतळ्यांची माळ

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते: त्यांनी पणजीची पुतळ्यांची माळ उडवली. कशावर, याची उत्तरं बदलतात. काका म्हणतात पत्ते, आत्या म्हणते तमाशा. आजी, म्हणजे त्यांची सून, ‘गेली ती’ एवढंच म्हणून विषय बदलते.

मागच्या दिवाळीत गावी, जळगाव जिल्ह्यात, माळ्यावरची ट्रंक आवरताना एक मोडीतला कागद सापडला. मला मोडी येत नाही. मित्राच्या वडिलांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून वाचून दिला. माळ सावकाराला दिल्याची नोंद, आणि कारण म्हणून दोनच शब्द: सारा, व्याज. मिती माघ, शके 1853. म्हणजे 1932चा फेब्रुवारी.

1929ची मंदी म्हटलं की आपल्याला वॉल स्ट्रीट आठवतो, ब्रेडसाठीच्या रांगा आठवतात. ती मंदी खानदेशातही आली होती हे मला इंजिनीअरिंग होऊन नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. इथे रांगा नव्हत्या. पीक नीट येत होतं, फक्त त्याला भाव नव्हता. 1929 ते 1933 या काळात हिंदुस्थानातल्या शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. सारा मात्र रुपयांत ठरलेला, तो तेवढाच. ज्या साऱ्यासाठी आधी एक गाडी कापूस विकावा लागे, त्याला आता दोन गाड्या. कर्जाचंही तेच. 1931 साली सेंट्रल बँकिंग चौकशी समितीने देशातलं ग्रामीण कर्ज सुमारे 900 कोटी रुपये धरलं होतं. एक पैसाही नवा न उचलता ते कर्ज शेतकऱ्यासाठी दुप्पट जड झालं.

सारा माफ किंवा तहकूब व्हायचा तो आणेवारीवर. पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं, ते बघायचं आणि ठरवायचं. दुष्काळासाठी बनवलेली पद्धत. त्या हिशेबात पिकाचा आकडा होता, भावाचा रकानाच नव्हता. त्यामुळे बारा आणे पीक आलेला शेतकरी कागदावर सुखी. मी रोज असल्या सिस्टीम बघतो: इनपुट बरोबर, लॉजिक बरोबर, आणि उत्तर माणसाला मारणारं. फरक इतकाच की इथे हे सरकारला सांगणारे लोक होते. जानेवारी 1930मध्ये गांधीजींनी ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत मिठावरचा कर आपल्याला आठवतो. शेतसारा निम्मा करा आणि रुपयाचा दर 18 पेन्सांवरून 16 पेन्सांवर आणा, याही मागण्या त्याच यादीत होत्या. रुपया महाग ठेवला की परदेशी माल स्वस्त पडतो आणि आपल्या कापसाला रुपये कमी मिळतात. सरकारने दर हलवला नाही.

मग सप्टेंबर 1931मध्ये ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला, तोही सोन्याच्या तुलनेत घसरला. तोळ्याला सुमारे 21 रुपये असलेलं सोनं झपाट्याने वर गेलं. जगात एकाच गोष्टीचा भाव वाढला आणि ती गोष्ट बायकांच्या गळ्यात होती. सावकार स्वतःच अडकलेला, नवं कर्ज देईना, जुनं मागू लागला. गावातून तालुक्याला, तिथून मुंबईच्या झवेरी बाजारात आणि पुढे बोटीने लंडनला. मार्च 1932पर्यंतच्या सहाएक महिन्यांत सुमारे 58 कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. फिक्कीसारख्या व्यापारी संघटना निर्यातबंदी मागत होत्या. सरकारचं म्हणणं, लोक चांगला भाव बघून विकताहेत. काहींनी तसं विकलंही असेल. पण या सोन्यामुळे सरकारची लंडनची देणी भागली आणि रुपयाचा दर टिकला, हेही खरं. ताळेबंद सावरला तो वज्रटीक, गोठ आणि पुतळ्यांवर.

कर्जदार शेतकऱ्यांना दिलासा देणारा मुंबई प्रांताचा कायदा आला 1939 साली. तोवर आमच्या माळेला जाऊन सात वर्षं झाली होती.

(आज जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि माझ्या फोनवर दर दोन तासांनी गोल्ड लोनची जाहिरात येते. असो.)

एका कागदावरून पणजोबा संत ठरत नाहीत. पत्ते खेळतही असतील. पण माळ पत्त्यांत गेली नाही. काकांना फोटो आणि त्याचं वाचन पाठवलं. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही.

आजीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सासूबाई मामंजींना त्यावरून कधी बोलल्या नाहीत रे. बोलले ते सगळे नंतरचे.”

मी विचारलं, मग तू कधी सांगितलं का नाहीस?

“मला कुणी विचारलं?”