रेडियमची नळी आणि आपली पोर

मागच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही मिटली, तरी एक ताई जागची उठेना. तिची मुलगी बारावी सायन्स झालीय. तिला किरणोपचार तंत्रज्ञ व्हायचंय, म्हणजे कर्करोगाच्या पेशंटला ‘लाईट’ देणारी. घरातल्या आत्याबाई म्हणतात, त्या मशीनपाशी राहिली तर पोरीला मूलबाळ होणार नाही.

ही भीती हवेतून आलेली नाही. 1895 साली जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. 1898 साली पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी या नवराबायकोनं रेडियम शोधलं. थोड्याच वर्षांत डॉक्टर रेडियमनं गाठी जाळू लागले. पण ते किती घातक आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. हातानं उचलायचे, बोटं भाजायची. मेरीबाई 1934 साली रक्ताच्या आजारानं गेल्या, तो किरणांचाच परिणाम मानतात.

आपल्याकडे मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. त्यांच्या आठवणीतून परळचं टाटा रुग्णालय उभं राहिलं, 28 फेब्रुवारी 1941 ला. 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. दवाखाना आणि अणुऊर्जा खातं? मलाही आधी नवल वाटलं होतं.

काम बदललं ते यंत्रानं. 1951 साली कॅनडात कोबाल्टच्या यंत्रानं उपचार सुरू झाले. पेशंट जाड भिंतींच्या खोलीत, चालवणारी बाहेर, कॅमेऱ्यातून बघत. अशी यंत्रं आता आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आराखड्यावर इथंच बनतात, नाव भाभाट्रॉन. अंगावर एक बिल्ला लावतात, त्यावरून किती किरण लागले ते मोजलं जातं. बाई गरोदर राहिली तर कळवायचं, मग कामाची मर्यादा ठरवतात. 1983 साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ हे नियम घालतं.

म्हणून शिक्षणही तसंच लागतं. ताईनं मला एका संस्थेचा कागद दाखवला. सहा महिन्यांत ‘रेडिओलॉजी टेक्निशियन’, नोकरीची हमी! मी तो बाजूला ठेवला. रेडिओलॉजी म्हणजे फोटो काढणं, रेडिओथेरपी म्हणजे उपचार करणं. दोन्ही कामं चांगली, पण वाटा वेगळ्या. उपचाराच्या कामाला रेडिओथेरपी तंत्रज्ञानाची बी.एस्सी. किंवा त्याच विषयाचा रीतसर डिप्लोमा हवा, आणि बारावीला भौतिकशास्त्र. फी भरायच्या आधी एवढंच विचारा की हा कोर्स नियामक मंडळाच्या पात्रतेत बसतो का, आणि पोरीला खऱ्या रुग्णालयात, खऱ्या यंत्रावर शिकायला मिळेल का. उत्तर लेखी घ्या. तोंडी हमी देणारे पुष्कळ भेटतात.

गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा कर्करोग आपल्या बायकांना होतो. टेबलावर अंगावरचं कापड बाजूला करायची वेळ येते तेव्हा समोर बाईमाणूस असलं तर किती धीर येतो, ते ज्या बायका जाऊन आल्यात त्यांना विचारा.

बार्शीला कर्करोगाचं रुग्णालय आहे. सोमवारच्या पहिल्या एसटीनं आम्ही तिथं विचारपूस करायला निघालोय. मुलगी, ताई, मी, आणि हो, आत्याबाईसुद्धा. त्यांचं तिकीट गटानं काढायचं ठरलंय.